मोटर बदलण्याआधी दाराचा रबरी बूट उघडून बघा

समजा, तुमची गाडी २०१० ची, घोडबंदर रोडला उघड्यावर उभी असते. ड्रायव्हरची काच कधी चालते, कधी अर्ध्यात अडते. त्याच आठवड्यापासून रिमोट दाबला की बाकी तीन दारं उघडतात, पण ड्रायव्हरचं नाही. गॅरेजवाला म्हणतो, काचेची मोटर आणि लॉकचा अ‍ॅक्च्युएटर (लॉक हलवणारी छोटी मोटर) दोन्ही बदला. जरा थांबा. एकाच दारातल्या दोन वेगळ्या वस्तू एकाच आठवड्यात बिघडतील, हे मला पटत नाही. दोघांच्या वायरी मात्र एकाच वाटेने जातात, दार आणि बॉडीच्या मधल्या काळ्या रबरी बुटातून. दार उघडलं-मिटलं की त्या तिथेच वाकतात.

हे मी पैसे घालवून शिकलो. नेरुळला माझ्या जुन्या गाडीत एका मेकॅनिकने नवी मोटर बसवली, ती तीन आठवडे चालली. मग एका रविवारी मीच बूट ओढून काढला. वायरी वरून सगळ्या शाबूत दिसत होत्या. एकेक चिमटीत धरून हलकेच ओढली, तर दोन वायरी रबरबँडसारख्या ताणल्या गेल्या. वरचं प्लॅस्टिक कापलं, आत तांबं तुटलेलं आणि तुटल्या जागी हिरवी पूड. जुनी मोटर ठणठणीत होती.

आधी फुकटातली परीक्षा करा. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, आतला दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत पोचतोय, म्हणजे मोटर जाम आहे किंवा काच रबरात अडकतेय. दिवा ढिम्म राहिला तर आधी बटण, वायर किंवा फ्यूज बघायचा. मोटर घरघरते पण काच हलत नाही, तर बहुधा रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा, गेला. मग बटण दाबून ठेवून दार हळूहळू उघडा-मिटा. मधेच काच हलली तर बहुधा बुटातली वायरच.

जोडताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. बुटाच्या आत जोड देऊ नका, सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि त्याच्याच कडेला वायर पुन्हा तुटते. तुटका भाग कापून टाका, तेवढ्याच जाडीची बारीक तारांची मऊ वायर घाला आणि दोन्ही जोड वाकणाऱ्या जागेच्या बाहेर घ्या. वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. सगळे जोड एका रांगेत आले तर गाठोडं होतं, बुटात शिरत नाही, म्हणून पुढेमागे ठेवा.

तरीही लॉक हललं नाही तर अ‍ॅक्च्युएटर. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराला बहुधा पाच वायरींचा असतो, दोन मोटरच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. बाकी दारांना दोनच वायरी. दारं लॉक होऊन लगेच आपोआप उघडत असतील तर संशय त्या स्विचवर घ्यायचा.

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलंत तर मागचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद फाडू नका. आपल्याकडचे कारागीर तो सर्रास फेकून देतात. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरतंच, तो कागद ते आत येऊ देत नाही. दाराच्या खालच्या कडेची भोकंही बघा. झाडाखाली उभ्या गाडीत पाल्याने बुजतात, पाणी साचतं, मग गंज आलाच. केबल टायने खरवडलं तरी मोकळी होतात. काच ज्यात सरकते त्या चॅनेलला सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, त्यावर धूळ बसून काच आणखी जड होते.

रेग्युलेटर सोडायची वेळ आलीच तर काच वर घेऊन दाराच्या चौकटीला चिकटपट्टीने पक्की करा. ती सुटली की थेट बोटांवर येते. कात्रीसारख्या हातांचा रेग्युलेटर असेल तर त्यात जोरदार स्प्रिंग असते. रेग्युलेटरचे ते हात बांधल्याशिवाय मोटर काढू नका. तेवढं काम कारागिराकडे दिलंत तरी चालेल.

आणि बॅटरी परत जोडताना किल्ली खिशात ठेवा. काही गाड्या करंट येताच स्वतःला लॉक करतात. मी किल्ली सीटवर ठेवली होती, बॉनेट तेवढं उघडं होतं. भर दुपारी सोसायटीचा वॉचमन माझ्याकडे बघून हसत होता आणि दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये, वाशीला.