टिअरड्रॉप घरीच बनवायचाय? आधी हूकवरचं वजन मोजा

मागच्या अंकात आमच्या गाडीमागच्या टिअरड्रॉपबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं अन् व्हॉट्सअॅप मेसेज येतच आहेत. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, टिअरड्रॉप म्हणजे कारच्या मागे ओढायचा छोटा ट्रेलर, आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखा, समोरून गोल आणि मागे उतरत गेलेला, आत फक्त दोन माणसं झोपतील एवढी जागा, उभं राहता येत नाही, आणि मागचं झाकण वर उचललं की तिथे स्वयंपाकाचा ओटा. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोक मासिकातले नकाशे बघून घरच्या घरी हे बनवायचे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचं उरलेलं अॅल्युमिनियम स्वस्तात मिळायला लागलं तेव्हा ते यावर ठोकलं गेलं. मी आमचा वर्धा जिल्ह्यात, वावरातल्या शेडमध्ये बनवला, गावचा एक वेल्डिंगवाला आणि एक सुतार सोबत होते, सोयाबीन-कापसाच्या हंगामातून वेळ मिळेल तसं काम चाललं म्हणून दीड वर्ष लागलं. सगळी पत्रं छापता येत नाहीत, जे प्रश्न जास्त जणांनी विचारले ते घेतोय.

घरी बनवलेल्या ट्रेलरची पासिंग होते का? का तशीच चालवतात लोकं? (एक वाचक, कारंजा लाड)

तशीच चालवू नका दादा, हे मी पहिल्याच उत्तरात सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे त्यात ट्रेलरसुद्धा येतो, म्हणजे इंजिन नाही म्हणून नोंदणी नको असं नाही, त्याला स्वतःचा नंबर लागतो, मागे टेल लॅम्प, ब्रेक लाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर सगळं लागतं. उद्या कोणाला धडकला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारणार. अगदी चेसीसपासून (खालचा लोखंडी सांगाडा) सगळं घरी जोडलं तर आरटीओत अडचण येते, कारण मंजूर मॉडेल आहे का हे तिथे बघतात. म्हणून मला बरा वाटलेला रस्ता असा की चेसीस, अॅक्सल (दोन्ही चाकं धरणारा आडवा दांडा), हूक (ट्रेलर कारला जिथे अडकतो तो भाग) हे मंजुरी असलेल्या ट्रेलर बनवणाऱ्याकडून कागदपत्रांसकट घ्यायचं आणि वरची बॉडी आपण करायची. पण प्लायला करवत लावायच्या आधी हातानं काढलेला नकाशा आणि अंदाजे वजन घेऊन जिल्ह्याच्या आरटीओत जाऊन या, तिथे जे सांगतील ते लिहून घ्या. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय हे खरं, पण त्यामुळे नोंदणीतून सुटका होत नाही, बऱ्याच जणांचा तो गैरसमज झालाय.

आणि कारचं मॅन्युअल काढून वाचा. काही गाड्यांच्या मॅन्युअलात ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तसं असेल तर विषय तिथंच संपला.

माझी कार छोटी आहे, ट्रेलर किती वजनाचा ठेवू? आणि रस्त्यावर झुलतो म्हणतात ते काय असतं? (एक वाचक, दर्यापूर)

या प्रश्नासाठी अख्खं पान दिलं तरी कमीच आहे. लोकं आकाराची, रंगाची, आतल्या गादीची चर्चा करतात आणि वजन शेवटी बघू म्हणतात, आणि खरा धोका तिथेच असतो.

आधी एकूण वजन. ८ बाय ४ ची १८ एमएमची प्लायशीट साधारण ३५ किलो भरते, १२ एमएमची २३ च्या आसपास. दोन्ही बाजूंना १८ ऐवजी १२ एमएम वापरून आतून पट्ट्यांची फ्रेम मारली तर तिथेच बरेच किलो वाचतात. वरून पत्रा मारायचा तर लोखंडाचा नको, तेवढ्याच जाडीचं अॅल्युमिनियम जवळपास एक तृतीयांश वजनाचं असतं. आमचा १० फूट लांब, ४ फूट रुंद, रिकामा ३०० किलो भरला, गावाजवळच्या जिनिंगच्या काट्यावर. सामान टाकून ४००.

पण ४०० किलो कुठे बसलेत हे त्याहून महत्त्वाचं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हूकवर यायला पाहिजे, म्हणजे ४०० ला ४० ते ६० किलो. कमी आलं की ट्रेलर मागून शेपटीसारखा झुलायला लागतो, फार जास्त आलं तर कारचं बूड दबतं आणि पुढची चाकं हलकी होतात. आणि टिअरड्रॉपमध्ये ओटा मागे, म्हणजे पाणी, शेगडी, सिलिंडर, भांडी सगळं अॅक्सलच्या मागे जातं, हाच या आकाराचा फसवा भाग आहे.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. आमचा अॅक्सल बॉडीच्या समोरच्या टोकापासून ६ फुटांवर आहे, आणि अॅक्सलपासून हूकचा बॉल (कारमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो) ९ फूट पुढे. रिकामा होता तेव्हा हूकवर ४५ किलो, छान. पहिल्याच ट्रिपला २० लिटरच्या तीन कॅन, धान्याचा डबा, भांडी, सिलिंडर असं १०० किलो मागच्या ओट्यात ठेवलं, म्हणजे अॅक्सलच्या ३ फूट मागे. लहानपणी सी-सॉवर खेळलोय तोच हिशोब, १०० गुणिले ३ भागिले ९, हूकवरून ३३ किलो उचलल्या गेले. उरले १२. आर्वी रोडला ६५ च्या स्पीडला समोरून ट्रक गेला त्याची हवा लागली आणि ट्रेलर डावी-उजवी, डावी-उजवी करायला लागला, स्टिअरिंग हातात असूनही कार आपल्या हातात नाही असं वाटलं, बायको बाजूला बसलेली, तिनं डॅशबोर्ड धरला तो पुढचे १० किलोमीटर सोडला नाही. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून गाडी आपोआप मंदावू द्यायची. मी तेच केलं म्हणून आज लिहितोय.

रस्त्याच्या बाजूला थांबून दोन कॅन मागून काढून ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरच्या पेटीत ठेवल्या, अॅक्सलच्या ७ फूट पुढे. मागचं ४० किलो निघालं म्हणून हूकवर १३ परत आले, आणि पुढे ठेवल्यामुळे ३१ वाढले. झाले ५६. पुढचा सगळा प्रवास शांत, वजन तेवढंच पण जागा बदलली.

मोजायचं कसं, तर घरातला पायानं उभं राहायचा वजनकाटा घ्या, विटांवर ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा, आणि हूक त्यावर टेकवा, उंची अशी पाहिजे की ट्रेलर सपाट राहील, कारला जोडल्यावर असतो तसा. ट्रकच्या मोठ्या काट्यावर हे नीट कळत नाही कारण तो पाच-दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो. आणि हे सामान भरल्यावर मोजायचं, दर ट्रिपला.

भाऊ, मले एक सांगा, आमच्या घरी जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीचा हूक अन् अॅक्सल पडून हाय, तेच लावलं तर काय होते? काहून नवीन घ्यायचं? (एक कास्तकार, वणी)

दोन्ही नको भाऊ. ट्रॉलीची पिन छिद्रात ढिली असते, ट्रॅक्टर २० नं चालतो म्हणून भागतं, कारच्या स्पीडला तो खडखड धक्का सरळ कारच्या चेसीसला बसतो. ५० एमएमचा बॉल आणि त्यावर बसणारा कुलूपवाला कपलर घ्या, आणि सोबत दोन साखळ्या, दांडीच्या खालून एकमेकींना फुली मारून बांधायच्या, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते. ट्रॉलीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) काही टन वजनासाठी बनवलेले असतात, चारशे किलोत ते दबतच नाहीत, ट्रेलर उडत राहतो आणि आतले स्क्रू ढिले होतात.

मी सुतारकाम करतो. गोल छताला प्लाय वाकवताना चरचर फाटतो. आणि आमच्याकडे सागवान भरपूर, सगळं सागवानात केलं तर? (एक वाचक, चामोर्शी)

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण आमच्या दोन शीट याच कामात फाटल्या. दादा, प्लायच्या वरच्या थराचे रेषे ८ फुटाच्या दिशेनं जातात. शीट जशीच्या तशी लांबीनं टाकली तर तुम्ही त्या रेष्यांनाच वाकवता, ती विरोध करते आणि फाटते. शीटचे ४ बाय ४ चे दोन चौकोन करा आणि चौकोन फिरवून बसवा, म्हणजे रेषे ट्रेलरच्या रुंदीत आडवे जातील, मग तोच ६ एमएम प्लाय बघा कसा वाकतो. जोड मात्र आडव्या पट्टीवरच आला पाहिजे, हवेत नाही. समोरचा गोल फार आखूड असेल तर रात्रभर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि सकाळी दोघं जण हळूहळू पट्ट्यानं ओढत बसवा, एका टोकाला पूर्ण स्क्रू मारून मगच पुढे. वाळल्याशिवाय गोंद लावू नका.

बाजूचा आकार काढायला कागदी नकाशा हवाच असं नाही, लाकडाची पातळ पट्टी दोन-तीन खिळ्यांत अडकवून वाकवा आणि पेन्सिल फिरवा, डोळ्याला जो गोल बरा दिसतो तोच पत्र्यालाही बरा बसतो. एक बाजू कापली की तीच दुसरीवर ठेवून दोन्ही एकत्र रंधून घ्या.

सागवान आपल्या आलापल्ली-बल्लारपूरचं, त्याच्यासारखं लाकूड नाही, अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण इथे वजनाचा प्रश्न आहे. दाराची चौकट, ओट्याची कड, जिथे रोज हात लागतो आणि पाणी लागतं तिथे सागवान लावा, छताच्या पट्ट्यांना हलकं पाइन किंवा प्लायच्याच पट्ट्या. डेपोची पावती जपून ठेवा.

आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री. डब्यात शिजून नाही का जाणार? आणि पावसाळ्यात गळला तर? (एक वाचिका, चंद्रपूर)

ताई, मे महिन्यात दुपारी त्यात कोणीच झोपू नये, मीही झोपत नाही. पण संध्याकाळनंतर फरक पडतो तो तीन गोष्टींनी, बाहेरून पांढरा रंग, छताच्या दोन थरांमध्ये २५ एमएमची एक्सपीएस फोमशीट (उष्णता अडवणारी), आणि छतात गरम हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा पंखा. समोरासमोर दोन खिडक्या, जाळी लावून, आणि झोपताना दोन्ही थोड्या उघड्या, थंडीतसुद्धा. एवढ्याशा जागेत दोन माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीला पाणी होऊन लागते. आत शेगडी, कोळसा, मच्छर अगरबत्ती काहीच पेटवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. दरवाजे दोन ठेवा, एक अडकला तर दुसरा.

गळतो तो नेहमी मागच्या झाकणाच्या बिजागरीपाशी. लांब पियानो बिजागरी मारली की तिच्यावरून रबराची पट्टी टाकायची, फक्त वरच्या काठाला दाबलेली, पाणी तिच्यावरून घसरून जातं. प्लाय आयएस ७१० चा बीडब्ल्यूपीच (पाण्यात टिकणारा) घ्या, स्क्रू स्टीलचे, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला रंगाचे दोन हात, कारण प्लाय पाणी पितो तो कडेतून. खालच्या बाजूला डांबराचा थर. उभा करताना मातीवर नाही, विटांवर, नाहीतर उधई चढते.

घरचीच जुनी इन्व्हर्टर बॅटरी चालेल? (एक वाचक, उमरेड)

चालेल पण ती ५०-६० किलोची असते, वरचा हिशोब परत वाचा. १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १५ किलोच्या आत असते आणि तिच्यात १२०० वॅट-अवरच्या वर साठतं. २० वॅटचा पंखा रात्रभर आठ तास म्हणजे १६०, दोन एलईडी आणि मोबाइल धरून सव्वादोनशे. तीन-चार रात्री आरामात जातात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा.

ताडोबा, नागझिरा साइडला कुठे लावायचा? (दोन-तीन पत्रं)

व्याघ्र प्रकल्पाच्या गेटच्या आत मुक्कामाचा विचारच नको, आणि गेटबाहेरही रस्त्याच्या कडेला जंगलात नाही. बफरमधल्या (प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावात, ज्याचं अंगण किंवा वावर आहे त्याला विचारून, पैसे देऊन उभा करा, माणसं प्रेमानं जागा देतात आणि सकाळचा चहाही होतो. लोणारला सरोवराच्या काठाशी उतरवायचा नाही, ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली सावली कितीही चांगली असली तरी लावू नका, पहाटे फुलं पडतात आणि त्यासाठी अस्वल येतं. मोहफूल वेचणाऱ्यांना विचारा, ते सांगतील. रात्री मागच्या ओट्यात खरकटं ठेवायचं नाही.

माझी आई ६८ वर्षांची आहे, तिला चिखलदरा दाखवायचाय. यातून नेता येईल का? (एक वाचक, अचलपूर)

नक्की न्या. आईंनी बसायचं कारमध्येच, चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसत नाही, लहान मुलंसुद्धा नाही. त्यांच्या गुडघ्यांसाठी दाराखाली रुंद लाकडी पायरी करा, आणि गादी अशा उंचीवर की दारातून आधी बसता येईल आणि मग पाय आत घेता येतील, आमच्या आईला हेच जमलं. रात्री बाथरूमला जाता येईल अशा ठिकाणीच मुक्काम धरा.

छोट्या ट्रेलरला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात, घाटात सगळा भार कारच्या ब्रेकवर येतो, त्यामुळे उतरताना सुरुवातीपासूनच दुसरा गिअर, ब्रेक थोडा-थोडा, आणि मागे रांग लागली तर जागा बघून बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. चढावर थांबलात तर आधी चाकाखाली लाकडी पाचर, मग बाकी सगळं. नवीन ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर ढिले होतात, म्हणून घाटाच्या आधी परतवाड्याला चहाला थांबाल तेव्हा पाना काढून चारही बाजूंनी परत आवळा, आणि हातानं हब (चाकाचा मधला भाग) चाचपून बघा, चटका बसला तर बेअरिंग बघितल्याशिवाय वर चढू नका.