पीएम २.५ चा आकडा सारखा असेल तर धोकाही सारखाच का? त्यातल्या धातूंनी काय होतं?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे आणि कारखान्यांजवळ राहणाऱ्या भावाकडे अ‍ॅप जवळपास एकच आकडा दाखवतं, मग काळजीही सारखीच करायची का. नाही. पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकण, आणि तो आकडा एक घनमीटर हवेतल्या अशा कणांच्या नुसत्या वजनाचा असतो.

मी हवेचे फिल्टर तपासायचं काम करतो. २४ तास हवा खेचलेला टेफ्लॉनचा फिल्टर चिमट्याने उचलायचा, तोलायचा, नायट्रिक आम्लात तापवायचा आणि त्या द्रावणात धातू मोजायचे. वजनाला सारखे असलेले दोन फिल्टर, पण एकात शिसं नावाला आणि दुसऱ्यात भरपूर, यात नवल काहीच नाही.

याचा बोलका पुरावा अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला आहे. तिथला पोलादाचा मोठा कारखाना कामगारांच्या वादामुळे १९८६-८७ मध्ये वर्षभर बंद होता. एरवीच्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्याने रुग्णालयात दाखल होणारी मुलं त्या बंद हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. धूळच कमी, म्हणून आजारही कमी, असं कुणीही म्हणेल. पण जुने फिल्टर जपून ठेवले होते. पुढे संशोधकांनी त्यांचा पाण्यात अर्क काढला आणि निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसात सोडला (माझी तर हिंमत झाली नसती). मात्रा तेवढीच, तरी कारखाना चालू असतानाच्या धुळीने जास्त दाह झाला. त्या अर्कात लोखंड, तांबं, जस्त यांसारखे विरघळणारे धातू जास्त होते.

लोखंड आणि तांबं शरीराला लागतातच, पण फुफ्फुसात ते नको तिथे रासायनिक प्रक्रिया घडवून पेशींना इजा करतात. आर्सेनिक, निकेलची संयुगं आणि सहा संयुजेचं क्रोमियम (त्या धातूचं विषारी रूप) कर्करोगकारक. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही.

आपल्याकडे हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत शिसं, आर्सेनिक, निकेल आहेत. कॅडमियम, क्रोमियम नाहीत. मला हे खटकतं.

भावाच्या घराजवळ जुन्या शिशाच्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी असेल तर मास्कवर भागणार नाही. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, मुलांचे हात जेवणाआधी धुवा आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.