कंपनीची ताकद तोफेत नाही, काट्यात आणि घड्याळात

तुम्ही विचारलंय की कादंबरीतली व्यापारी कंपनी चाळीस ग्रहांवर हुकूमत गाजवते, तर सम्राट एका फर्मानानं तिची सनद रद्द का करत नाही, आणि तिला सैन्य किती द्यावं. सैन्याचं नंतर बघू. आधी तिचे करारनामे लिहून काढा.

सनदेचं म्हणाल तर ईस्ट इंडिया कंपनी बघा. 1765 ला तिला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, मिळाला. 1773 च्या कायद्यानं कलकत्त्यात सुप्रीम कोर्ट बसवायचं ठरलं, विलायतेहून न्यायाधीश आले आणि कोर्टाचा हात कुठवर पोचतो यावरून भांडण जुंपलं. 1781 मध्ये पार्लमेंटनंच महसुलाची प्रकरणं कोर्टाच्या कक्षेबाहेर काढली. म्हणजे पैसा जिथून येत होता, नेमकं तेच. भागधारक पार्लमेंटातच बसलेले होते. कारभार काढून घ्यायला 1858 उजाडलं. कोर्टाचं भांडण चाललं त्या काळी लंडनचं पत्र यायला सहा-सहा महिने लागत. सूर्यापासून सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापर्यंत प्रकाशालाच सव्वाचार वर्षं लागतात, मग फर्मानाचं काय घेऊन बसलात?

आता करारनाम्याकडे या. आमच्या घरी सोलापुरात टॉवेलचे माग होते. व्यापारी सूत तोलून द्यायचा, टॉवेल तोलून घ्यायचा, घट आली की मजुरीतून कापायचा. सुती धाग्यात प्रमाण हवेत साडेआठ टक्के ओल धरतात. त्याच्या गोदामाला ओल होती आणि आमच्या पत्र्याखाली एप्रिलात सूत कडकडीत वाळायचं. एकदा वडील काट्यापुढं उभं राहून म्हणाले, "मालक, सूतच ओलं होतं की वो." तो म्हणाला, "काट्यावर बघा." काट्यावरचा आकडा खरा होता, आणि काटा त्याचा होता. मजुरी कापली गेली. वडील रिकामी पिशवी घडी घालत परत आले, ते अजून डोळ्यांपुढं आहे.

तुमच्या साम्राज्यात हाच काटा म्हणजे घड्याळ. इतक्या प्रचंड वेगात काळच हळू चालतो: प्रकाशाच्या 80 टक्के वेगानं जाणाऱ्या जहाजावर 6 वर्षं जातात तेव्हा ग्रहावर 10 गेलेली असतात. कप्तानानं कंपनीकडून एक लाख घेतले, दरसाल 12 टक्के सरळ व्याजानं. जहाजाच्या घड्याळानं व्याज 72 हजार, ग्रहावरच्या गोदीच्या घड्याळानं 1 लाख 20 हजार. करारात एक ओळ घाला: मुदत गोदीच्या घड्याळानं मोजली जाईल. खाली दुसरी: खलाशांचा पगार जहाजाच्या घड्याळानं. व्याज दहा वर्षांचं, पगार सहा वर्षांचा, आणि दोन्ही कायदेशीर. या दोन ओळींनी कर्जबाजारी झालेला कप्तान पुढची फेरीही कंपनीचीच मारणार. त्याच्यावर तोफ रोखायची गरजच काय?

कंपनीच्या विरोधातली बाजूही रंगवा. आपल्याकडची मुद्दती हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी, आठवा: ठरल्या मुदतीनंतर पैसे द्यायचे, शब्द पेढीचा आणि पत बाजाराची. ती पाळायला सम्राटाचा शिपाई लागत नव्हता. इंग्रजी अमलातल्या 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानंही हुंड्यांचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले. स्वतंत्र कप्तानांनी आपापसांत जहाजाच्या घड्याळावर हुंड्या चालवायला घेतल्या, तर कंपनीला पहिल्यांदा घाम फुटेल. मग द्या तिला सैन्य, तेव्हा ते शोभेल.

मी तुमच्या जागी असतो तर पहिलं प्रकरण गोदीवरच उघडलं असतं. जहाज नुकतंच लागलंय, कप्तान 72 हजार मोजून टेबलावर ठेवतोय, आणि मुनीम वही त्याच्याकडे फिरवून गोदीच्या घड्याळाच्या ओळीवर बोट ठेवतोय.