फ्लेमिंगोंच्या शूटला पहिल्यांदा निघालास, तर

सगळं बजेट कॅमेरा बॉडीच्या भाड्यात घालवू नकोस. पैसा लेन्स आणि ट्रायपॉडवर घाल. कॅननची ५०-१००० सिने झूम आतला एक्स्टेंडर (पल्ला वाढवणारी जादा काच) लावला की १५०० मिलिमीटरपर्यंत जाते, पण तिचंच वजन साडेसहा किलोच्या आसपास. ट्रायपॉडच्या हलक्या हेडवर, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या भागावर, वाऱ्यानेसुद्धा फ्रेम थरथरते. भक्कम फ्लुइड हेड (झटके न देता सावकाश फिरणारं) घे आणि बॅलन्स असा कर की हात सोडला तरी कॅमेरा जागचा हलणार नाही. याला वेळ लागतो, लागू दे.

प्री-रेकॉर्ड चालू ठेव. थवा उडाल्यावर बटण दाबलंस तरी आधीचे काही सेकंद कार्डावर येतात. बॅटरी मात्र भराभर संपते, जास्तीच्या घे.

शिवडीला भरतीचं वेळापत्रक बघूनच जा. पाणी चढताना पक्षी काठाकडे सरकतात. ऊन तापलं की चिखलावरची हवा लहरते आणि कितीही महागडी लेन्स असो, चित्र मऊच, म्हणजे अस्पष्ट, येतं. म्हणून सकाळच बरी. गाडीचा एसी आधीच बंद कर, नाहीतर गार झालेल्या लेन्सची काच बाहेरच्या दमट हवेत धुरकटते.

बोरिवलीच्या उद्यानात बिबट्यासाठी जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढ. आणि उडतानाचा शॉट हवा म्हणून थवा मुद्दाम उठवायचा नाही, कधीच नाही.