ताप गेला, थकवा राहिला

प्रश्न : वय ३८, शाळेत शिक्षिका आहे. सप्टेंबरात डेंग्यू झाला. प्लेटलेट लवकरच नॉर्मल झाल्या, पण साडेतीन महिने झाले तरी चार पोळ्या लाटल्या की बसावंसं वाटतं. घरचे म्हणतात, "आळस झटक, रोज अंबाझरी तलावावर फिरायला जा." रविवारी फिरून येते तेव्हा बरं वाटतं, मंगळवारी मात्र अंथरुणातून उठवत नाही. — एक वाचक, महाल

उत्तर : तुमच्या पत्रातला मंगळवार आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विषाणूच्या तापानंतर काहींना श्रमाचा फटका त्याच दिवशी बसत नाही, १२ ते ४८ तासांनी बसतो. म्हणून ‘रोज थोडं थोडं वाढवा’ हा सल्ला इथे उलटतो. उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं तर २०२१मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारासाठी असा टप्प्याटप्प्यानं वाढवायचा व्यायाम देऊ नये, असंच सांगितलं. आळसाचा यात काही संबंध नाही, हे घरच्यांना वाचून दाखवा.

आधी फॅमिली डॉक्टरांकडून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (शरीरातली सूज), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), लिव्हर, बी१२ आणि लघवी तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२च्या वर असलं तरी फेरिटिन ३०च्या खाली असेल तर शरीरात लोह कमी आहे. पण डेंग्यूत फेरिटिन खूप चढतं, त्यामुळे तापातला जुना रिपोर्ट धरू नका. रक्त देण्याआधी बी१२ची इंजेक्शनं घेतली तर आकडा फुगलेला येतो. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर टीएसएच चुकू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटतं वजन असेल तर टीबीची तपासणी हवीच. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा बसल्या जागी दम लागला तर वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात जा.

उभं राहिल्यावर धडधडतं का? दवाखान्यात दहा मिनिटं झोपून, मग दहा मिनिटं भिंतीला टेकून उभं राहून नाडी आणि बीपी मोजायला सांगा. बीपी न पडता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर उपचाराची दिशा बदलते. ही तपासणी घरी एकट्यानं करू नका.

मग वही घ्या. काय केलं, किती मिनिटं केलं आणि तिसऱ्या दिवशी कसं वाटलं, दोन आठवडे लिहा. समजा २० मिनिटांचा स्वयंपाक पचतो आणि ४० मिनिटांचा पाडतो, तर १५लाच थांबा. पोळ्या बसून लाटा, कणीक दुसऱ्याला मळू द्या. थकण्याआधी आडवं व्हा, आणि तेव्हा मोबाइल नको. बरं वाटणारा दिवस सगळ्यात फसवा. त्याच दिवशी राहिलेली कामं उरकली जातात आणि पुढचे तीन दिवस जातात. दोन आठवडे एकदाही कोसळला नाहीत तर एकच काम थोडंसं वाढवा. शाळेत तळमजल्यावरचा वर्ग आणि कमी तासिका मागा, डॉक्टर तसं लिहून देतील.

प्रश्न : थकवा जायला ताकदीची सलाइन लावली तर? — एक वाचक, हिंगणा

उत्तर : पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम एका पोळीइतकी ऊर्जा. लावल्यावर दोन दिवस फारच तरतरी आली तर सोबत स्टिरॉइड दिलं होतं का, हे विचारा आणि औषधांची नावं कागदावर लिहून घ्या.