रीफ टँकला (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला) अल्गी स्क्रबर लावला तर प्रोटीन स्किमर काढता येतो का?

हो, काढता येतो, पण स्क्रबरच्या, म्हणजे दिव्याखाली शेवाळ वाढवून पाणी साफ करणाऱ्या उपकरणाच्या, जाळीवर हिरवं शेवाळ दाट वाढू लागल्यावरच. त्याला काही आठवडे लागतात. स्किमर सेंद्रिय घाण कुजण्याआधी फेसातून बाहेर काढतो, शेवाळ पाण्यात विरघळलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी प्रवाळांच्या टाक्यांसाठी हेच तंत्र विकसित केलं. १९८२ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. मात्र दर सात-दहा दिवसांनी शेवाळ खरवडून फेकायलाच हवं, नाहीतर खालचा थर उजेडाअभावी मरतो आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात उतरतं. स्क्रबरचा दिवा रात्री चालू ठेवा, म्हणजे पीएच फारसा घसरत नाही. फॉस्फेट अगदी शून्यावर नेऊ नका, प्रवाळ फिके पडतात.