तळघराच्या खड्ड्यातलं पाणी: परवानगी आधी, पंप नंतर

पुण्यात दोन मजली तळघर खोदायला घेताय, तर पाणी लागणार हे धरूनच चाला. आपल्याकडचा कातळ बेसॉल्टचा. त्याच्या भेगांमधून पाणी येतं, त्यामुळे शेजारचा खड्डा कोरडा असला तरी तुमचा भरू शकतो.

खड्ड्यात साचलेलं पावसाचं पाणी उपसणं वेगळं आणि सतत झिरपणारं भूजल उपसणं वेगळं. भूजल उपसायचं असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत बांधकामासाठीच्या उपशाची वेगळी तरतूद आहे, ती स्वतः वाचा. अर्ज ऑनलाइन होतो. विनापरवाना उपसा सापडला तर पर्यावरणीय भरपाई भरावी लागते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: पंपाच्या पाइपवर डिजिटल मीटर पहिल्याच दिवशी बसवा आणि रोजचा आकडा लिहा. किती पाणी उपसलं याची माहिती प्राधिकरणाला द्यावी लागते, नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात. मागाहून अंदाजाने वही भरणं मला अजिबात मान्य नाही. शेजारच्या सोसायट्यांच्या बोअरची पातळीही उपसा सुरू होण्याआधी, त्यांच्यासमोर मोजून ठेवा. पुढे त्यांचं पाणी आटलं तर खरं काय ते कळायला हवं ना!

उपसलेलं पाणी गाळ बसवून क्युरिंगला (म्हणजे नव्या काँक्रीटवर पाणी मारून ते ओलं ठेवायला), धूळ दाबायला वापरा. उरलेलं पावसाळी गटारात सोडायचं असेल तर महापालिकेला आधी विचारा.